आजोबांच्या रिव्हॉल्व्हरची मागची साइट: पातं बदलायचंय, उंचीही जमवायचीय (ग्वाल्हेर)

जिन्सीवाली
शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरहून, लष्कर भागातून लिहितेय.

आजोबांची .२२ ची स्मिथ अँड वेसन आहे, के-२२ मास्टरपीस, सहा इंची नळी. आजोबांनंतर बाबांकडे होती, आता रीतसर माझ्या लायसन्सवर आहे. बाबांनी कधी चालवली नाही. दसऱ्याला शस्त्रपूजनाला बाहेर यायची, हळदकुंकू लागायचं आणि पुन्हा कपाटात. मी दोन वर्षांपासून क्लबात पिस्तूल चालवतेय, म्हणून हिला पहिल्यांदाच रेंजवर नेली.

दोन गोष्टी निघाल्या. एक, मागच्या साइटचं पातं, म्हणजे नेम धरायची खाच असलेली पट्टी, डावी-उजवीकडे डुलतंय. नखाने ढकललं की हलतं. त्याचा उजव्या बाजूचा बारीक पेच कुणीतरी चावल्यासारखा झालाय, खाच उरलेलीच नाही. दुसरं, २५ मीटरवर गोळ्या साधारण ११ सेंमी वर आणि ४ सेंमी डावीकडे लागतात. वाळूच्या पिशवीवर हात टेकून, पाच-पाच गोळ्यांचे तीन गट मारले. गट वाईट नाहीत, फक्त जागा चुकीची.

पातं नवं टाकायचंय आणि एवीतेवी उघडतोच आहोत तर उंचीही खाली आणायचीय. कुणी केलंय का? पातं कुठे मिळतं?

पोहे_जिलेबी
शनिवार, रात्री १०:३१

इंदुरातून हजेरी. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण शस्त्रपूजनाच्या हळदकुंकवानेच पेच जाम झाला नसेल ना?

जिन्सीवाली
शनिवार, रात्री १०:३८

हसू नका, टाचणीने खाच साफ केली तर खरंच पिवळं निघालं.

बडोदेकर_वकील
शनिवार, रात्री ११:०५

ताई, तांत्रिक मंडळी येण्याआधी माझं रुक्ष काम उरकून घेतो.

सफाई करणं, किंवा साइटला मुळात दिलेला पेच फिरवून नेम जमवणं हा वापराचा भाग झाला. सुटे भाग काढून नवे बसवणं म्हणजे दुरुस्ती. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये विक्री आणि निर्मितीच्या पंगतीतच दुरुस्ती बसवली आहे, तिलाही लायसन्स लागतं. त्यामुळे पेच तुटला-फुटला तर ज्या दुकानाकडे दुरुस्तीचं लायसन्स आहे तिथेच न्या आणि पावती घ्या. ओळखीचा खराद्या कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे नाही.

दुसरं, परदेशी वेबसाइटवरून पातं मागवायचा मोह होईल, कारण तिकडे ते बटणासारखं विकतात. आपल्या कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच त्याचे भागही येतात. पाकीट कस्टममध्ये उघडलं की 'अहो, दीड सेंटीमीटरचं पातं आहे' हे कुणी ऐकणार नाही.

आणि फोटो टाकलेत तर चौकटीवरचा नंबर झाका.

निळीशाई
रविवार, सकाळी ७:५०

वा, के-२२! सकाळ चांगली गेली.

सिलिंडर बाहेर काढा आणि चौकटीवर, जिथे सिलिंडरचा हात बसतो त्या खोबणीत बघा. तिथे मॉडेल नंबर ठोकलेला आहे का? १९५७ पासून कंपनीने मॉडेल नंबर ठोकायला सुरुवात केली, के-२२ ला १७ नंबर मिळाला. काहीच नसेल आणि मुख्य नंबराआधी 'के' अक्षर असेल तर ती १९४६ ते १९५७ च्या मधली.

थोडं अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. के-२२, के-३२ आणि के-३८ अशी तिघी बहिणींची जोडी होती, म्हणजे तिकडी. भरलेल्या अवस्थेत तिन्हींचं वजन सारखं, ३८.५ औंस. .२२ चं भोक लहान म्हणून नळीत लोखंड जास्त उरतं, तर नळीवरच्या पट्टीची रुंदी कमीजास्त करून वजन जुळवलं. एकीवर सराव केला की दुसरी हातात परकी वाटू नये म्हणून. असला हट्ट आता कोण करतं?

आता मुद्दा. साइटचं लांब पोलादी जीभेसारखं अंग चौकटीच्या माथ्यावरच्या खोबणीत बसतं. पुढे एका पेचाने धरलेलं, मागे उंचीचा पेच. त्याच्या शेपटाकडे आडव्या खोबणीत तुमचं पातं, त्यातून आडवा पेच जातो. या आडव्या पेचाचं टोक डाव्या बाजूच्या नटात ठोकून फुलवलेलं असतं. तो उलगडून निघत नाही. बदलायचा म्हणजे तोडायचाच, कारखान्याच्या माणसालाही. त्यामुळे पेच आणि नट दोन्ही नवे लागतात. आणि आत, पेच फिरवताना टप्प्याटप्प्याला क्लिक देणारी कणभर पिन आणि तिची स्प्रिंग असते. ती उडाली की गेली. पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून काम करतात, त्यामागे हेच कारण.

जिन्सीवाली
रविवार, सकाळी ८:२०

मॉडेल नंबर नाही, 'के' आहे! म्हणजे आईच्या वयाची निघाली.

कानसबहाद्दर
रविवार, सकाळी ९:१५

पीथमपूरला टूलरूममध्ये होतो, बंदुकीचा अनुभव शून्य, पण मिलिमीटरचा आहे.

पहिली गोष्ट: डुलणाऱ्या पात्याने मारलेल्या गटाचे '४ सेंमी डावीकडे' विसरून जा. पातं किती सरकलं की गोळी किती सरकते ते बघा. मागच्या साइटपासून माशीपर्यंत (नळीच्या टोकावरची पुढची साइट) किती अंतर आहे? पट्टीने मोजून सांगा.

जिन्सीवाली
रविवार, सकाळी ९:४०

१८ सेंमी, एखादा मिमी इकडेतिकडे.

कानसबहाद्दर
रविवार, सकाळी १०:०२

मग त्रैराशिक सोपं. चूक गुणिले १८० भागिले २५०००, सगळं मिमीत. ४ सेंमीची चूक म्हणजे ४० × १८० ÷ २५०००, आलं ०.२९. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढं. तुमचं पातं नखाने त्याहून जास्त हलत असणार, तेव्हा डावी-उजवीचा विचार पातं घट्ट झाल्यावर.

वरची चूक मात्र खरी मानायला हरकत नाही, पातं वर-खाली डुलत नसेल तर. ११० × १८० ÷ २५०००, म्हणजे ०.७९. पाऊण मिमीहून थोडं जास्त. मागची साइट तेवढी खाली यायला हवी. मागची साइट जिकडे नेऊ तिकडे गोळी जाते, माशीचं उलटं.

गंगाजळी
रविवार, सकाळी ११:३०

आमच्याकडे .३२ वेब्ली आहे, तीही वर मारते. तिची मागची खाच नळी उघडायच्या खटक्यावरच कोरलेली आहे, फिरवायला पेचच नाही. मग माशी घासायची का?

कानसबहाद्दर
रविवार, सकाळी ११:४१

अहो उलटं! वर मारते तर माशी उंच हवी. घासलीत तर आणखी वर जाईल. कानस हातातून खाली ठेवा आधी.

निळीशाई
रविवार, दुपारी १२:१०

@गंगाजळी, खटका ढिला आहे का तेही बघा. वेब्लीत खटका हलला की त्यावरची खाचही हलते, म्हणजे साइटच फिरतीवर. शिवाय काडतूस बदललंत का? अशा रिव्हॉल्व्हरमध्ये जड, सावकाश गोळी बहुतेक वर लागते, कारण ती नळीतून बाहेर पडेपर्यंत नळी धक्क्याने उचललेली असते. .३२ लाँगची जुनी गोळी ९८ ग्रेनची. पूर्वी घरात कुठली वापरायचे ते आधी शोधा. वेगळा धागा काढा ना, इथे गोंधळ होईल.

महूचा_रिटायर
रविवार, दुपारी ४:२५

मुलगी, सगळ्यांनी पेच सांगितले, एक प्रश्न कुणी विचारला नाही. नेम कुठे धरतेस?

जिन्सीवाली
रविवार, दुपारी ४:४४

काळ्याच्या मध्यावर, काका. टार्गेट २५ मीटर प्रिसिजनचं.

महूचा_रिटायर
रविवार, संध्याकाळी ५:१५

वाटलंच.

त्या टार्गेटचा काळा, ७ च्या रिंगपासून आत, व्यासाने २०० मिमी. हेच टार्गेट ५० मीटर फ्री पिस्तूल स्पर्धेलाही चालतं. त्रिज्या १०० मिमी. तू मध्यावर धरतेस आणि गोळी ११० वर जाते. आता माशी काळ्याच्या मध्यावर न धरता काळ्याच्या खाली धर, मध्ये पांढऱ्याची बारीकशी फट ठेवून. शंभर काळ्याचे, दहा फटीचे. गोळी कुठे जाईल?

दहात.

बिघाड नाहीये बेटा, तुझ्या आजोबांनी ती तशी जमवून ठेवलीय. टार्गेटवाले जुने नेमबाज सगळे खालूनच धरायचे, आजही बरेच धरतात. काळी माशी काळ्या गोलात बुडवली तर तिची कड दिसत नाही. पांढऱ्यावर ठेवली की धारदार दिसते. मी पंचवीस वर्षं पोरांना हेच शिकवलंय. महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, विजय कुमारने २०१२ ला लंडनमध्ये रॅपिड फायरचं रौप्य मिळवलं ते तिथेच घासून. त्या आवारात साइटला हात लावण्याआधी पोराच्या हाताकडे बघतात.

डावीकडचे ४ सेंमी पात्याचे असतील किंवा तुझ्या बोटाचेही असतील. उजव्या हाताचा माणूस चाप झटकला की डावीकडे-खाली मारतो. दुसऱ्या कुणाला तरी मारायला लाव. आणि काडतुसाशिवाय चाप ओढून रिकामी चटचट करू नकोस, .२२ ची पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि कड दबते.

उंचीच्या पेचाला हात लावू नकोस. तो तुझ्या आजोबांचा हात आहे.

जिन्सीवाली
रविवार, संध्याकाळी ५:३२

काका...

रेंजवरून आल्यावर, धागा काढायच्या आधी, मी तो पेच आत फिरवला. खाली आणायचंय म्हणजे घड्याळाच्या दिशेने, एवढं वाचलं होतं.

महूचा_रिटायर
रविवार, संध्याकाळी ५:३४

किती क्लिक?

जिन्सीवाली
रविवार, संध्याकाळी ५:३५

मोजले नाहीत. अडेपर्यंत.

पोहे_जिलेबी
रविवार, संध्याकाळी ५:३६

🙈

महूचा_रिटायर
रविवार, संध्याकाळी ६:०१

चहा पिऊन आलो. रागावत नाही. झालं ते झालं, आता अजून काही फिरवू नकोस.

कानसबहाद्दर
रविवार, संध्याकाळी ६:२०

रडायचं काही नाही. इतकी वर्षं एकाच उंचीवर बसलेलं लोखंड आपली खूण सोडतं. साइटच्या अंगाच्या दोन्ही बाजू, चौकटीच्या कडेशी, वाळलेल्या तेलाची रेघ असणार. तुम्ही आत फिरवल्यामुळे ती आता खोबणीत लपली असेल. दुकानात साइट निघेल तेव्हा पुसायच्या आधी भिंगाखाली बघा आणि फोटो काढा. मिस्त्रींना आधीच सांगून ठेवा, कारण चांगला कारागीर पहिलं काम काय करतो? पुसतो.

पातं नवं बसलं तर जुन्याची आणि नव्याची उंची कॅलिपरने मोजून लिहून ठेवा. यात फरक असला तर सगळा हिशेब सरकतो.

निळीशाई
रविवार, संध्याकाळी ६:४५

असतोच फरक. कंपनीच वेगवेगळ्या उंचीची पाती बनवायची. आणि अख्खी साइट बदलायला निघालात तर नंतरच्या काळातल्या साइटचं पुढचं टोक गोल केलेलं आहे, तुमची खोबण चौकोनी. शक्यतो जुनं अंग ठेवा, फक्त पातं-पेच-नट बदला. काढलेले तुकडे फेकू नका, डबीत ठेवा.

जिन्सीवाली
गुरुवार, रात्री ९:०५

चार दिवसांनी आले. लायसन्स, पेटी, बाबा, सगळं घेऊन दुकानात गेलो. मिस्त्रीजी सत्तरीचे असावेत. सिलिंडर उघडून सहाही घरं आधी डोळ्यांनी, मग करंगळीने तपासली, मग भिंग लावलं आणि म्हणाले, 'बिटिया, ये पेच किसने छेड़ा?' मी बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे.

आडवा पेच आमच्याच घरात कुणीतरी नेहमीच्या पाचरीसारख्या पेचकसाने खाल्लाय, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतःचे पेचकस दाखवले. टोकाच्या दोन्ही बाजू समांतर घासलेल्या, प्रत्येक खाचेसाठी वेगळा, खाचेत घातला की स्वतः उभा राहतो. पाचरीचा पेचकस फिरवला की वर सरकतो आणि जाताना खाचेची कड घेऊन जातो.

पुढचा पेच निघेना. रात्रभर तेल सोडून ठेवलं, दुसऱ्या दिवशी हलक्या हाताने निघाला. मी बाजूलाच उभी होते, फडकं उचललं तसं ओरडलेच, 'रुकिए!'

रेघ होती! साइटच्या दोन्ही बाजूंना, केसाएवढी, गुळाच्या पाकाच्या रंगाची. तिच्या वरचा भाग मंद, तपकिरीकडे झुकलेला. खालची निळाई काल दिल्यासारखी. मिस्त्रीजींना कारण सांगितल्यावर त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि स्वतःहून टोकदार पेन्सिलने रेघेशी खूण केली.

पातं त्यांच्याकडच्या एका मोडीत निघालेल्या स्मिथमधलं निघालं, पेच आणि नट त्यांनी लेथवर केले. @कानसबहाद्दर काका, नवं पातं जुन्यापेक्षा अर्धा मिमी उंच आहे.

कानसबहाद्दर
गुरुवार, रात्री ९:३०

०.५ × २५००० ÷ १८० = ६९. रेघेवर बसवलंत तर आजोबांच्यापेक्षा ७ सेंमी वर जाईल. तिथून क्लिक मोजत खाली या. या वेळी मोजत!

खाचेची रुंदी किती? माशी ३.२ आहे ना?

जिन्सीवाली
गुरुवार, रात्री ९:४१

माशी ३.२, खाचही तेवढीच, ३.२. मग माशीच्या बाजूला उजेड कसा दिसतो हेच मला कळेना, पण दिसतो.

कानसबहाद्दर
गुरुवार, रात्री १०:००

माशी लांब आहे म्हणून बारीक दिसते. हात ताठ केल्यावर डोळ्यापासून खाच ६० सेंमी धरा, माशी ७८. ३.२ × ६० ÷ ७८ = २.४६. म्हणजे ३.२ च्या खाचेत माशी अडीचचीच वाटते, दोन्ही बाजूंना ०.३७ उजेड. डोळे तरुण असतील तर पुरे. माझ्यासारख्याला खाच थोडी मोठी लागेल, पण तुम्ही वाढवू नका.

महूचा_रिटायर
गुरुवार, रात्री १०:२०

नवं पातं चमकत असेल. ग्वाल्हेरच्या उन्हात एका कडेला चकाकलं की खाचेची मध्यरेषाच सरकल्यासारखी वाटते. देवघरातला कापूर घे, बशीत पेटव, रिकाम्या रिव्हॉल्व्हरची साइट धुरावर धर, ज्योतीवर नाही. मखमलीसारखी काजळी बसते. माशीवरही. मग बोट लावायचं नाही. संध्याकाळी फडक्याने पुसून तेल. आम्ही शेकडो वेळा केलंय.

जिन्सीवाली
रविवार, दुपारी १:५०

आज रेंजवर. कापराने आईचं अर्धं देवघर काळं केलं, तो वेगळा विषय.

रेघेवर बसवून, काळ्याच्या खाली धरून पहिला गट: दहाच्या ७ सेंमी वर. त्रैराशिकाला साष्टांग नमस्कार. ४ क्लिक आत, गट ५ सेंमीच्या आसपास खाली. आणखी २. आता गटाचा मध्य दहाच्या रिंगमध्ये, अगदी किंचित खाली. एकूण ६ क्लिक, वहीत लिहिले, पेटीच्या झाकणावर पण लिहिले.

डावीकडे अजून दीड सेंमी जातंय. क्लबातल्या एका दादांनी त्याच साइटवर मारलं, त्यांचा गट मध्ये. म्हणजे ते बोट माझंच. पातं हलवलं नाही.

एक राहिलं. घरी येऊन आत्याला फोन केला, आजोबा नेम कुठे धरायचे म्हणून. तिला 'खालून, मध्यावर' वगैरे काही कळेना. मग म्हणाली, 'अगं आम्हा पोरांना एअरगन द्यायचे तेव्हा सांगायचे, माशीवर लाडू ठेव. लाडू चेपू नको, पडू देऊ नको.' मी फोन हातात धरून बसूनच राहिले.

महूचा_रिटायर
रविवार, दुपारी २:१५

बरोबर, लाडू म्हणजे तो काळा गोल.

दीड सेंमीसाठी पेचाला हात लावू नकोस. तीन वेगवेगळ्या दिवशी मार, तिन्ही दिवस डावीकडेच राहिलं तर बोलू.

पोहे_जिलेबी
रविवार, दुपारी २:२०

मला अजूनही काही कळलं नाही, पण धागा सगळा वाचला. लाडू कशाचे ते सांगा.

जिन्सीवाली
रविवार, दुपारी २:२४

बेसनाचे. @निळीशाई, लाकडी मुठीच्या उजव्या अर्ध्याला खालच्या कोपऱ्यात बारीक तडा आहे, मूळच्या अक्रोडाच्या आहेत. त्यासाठी नवा धागा काढू की इथेच विचारू?